मुक्या जिवाची राखणावळ

चंदगड तालुक्यात दुसऱ्याचे जनावर राखणे ही काही नवी गोष्ट नाही. एका बाजूला पारगड-तिलारीचा घाटमाथा आणि खाली दोडामार्ग, दुसऱ्या बाजूला बेळगाव, थोडे पुढे गोवा. या मुलखातला माणूस कामासाठी बाहेर पडणाराच. कुणी मुंबई-पुण्याला, कुणी गोव्याच्या हॉटेलात, कुणी बेळगावच्या कारखान्यात. तो निघाला की मागे राहिलेल्या दोन शेळ्या कुणाच्या तरी दावणीला जातात, कोंबड्यांचे खुराडे संध्याकाळी झाकायचे काम शेजारी करतो, कुत्रे दोन-तीन घरी भाकरी खाऊन दिवस काढते. चंदगड, कोवाड, हलकर्णी, पाटणे फाटा या ठिकाणी आता पगारदार कुटुंबेही वाढली आहेत. त्यांच्याकडे मांजर असते, ससा असतो, लव्हबर्ड्सचा पिंजरा असतो, आणि मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचे म्हटले की यांचे काय करायचे हा प्रश्न असतो. राखणारा मिळतो, पण त्याला द्यायचे काय, यावर दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. एक, ‘तुम्हाला वाटेल ते द्या.’ दुसरे, ‘एवढ्याशा सशाचे काय घ्यायचे!’ पहिल्या उत्तरात संकोच आहे, दुसऱ्यात चांगुलपणा आहे. माझे म्हणणे असे की दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांची किंमत शेवटी ते मुके जनावर मोजते. राखणावळीचा दर हा व्यवहाराचा प्रश्न आहेच, त्याच्याइतकाच धर्माचाही आहे, कारण या सौद्यात पक्ष तीन असतात आणि बोलणारे दोनच.

पहिला आक्षेप धर्माच्याच बाजूने येतो. भूतदयेचे पैसे कसले घ्यायचे? भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठी घरात लहानपणापासून ऐकलेली असते. त्या धावण्याला दर लावावा असे कुणी म्हणणार नाही. पण त्या कथेतल्या कुत्र्याला मालक नव्हता, ही साधी गोष्ट आपण विसरतो. नामदेवांनी जे दिले ते थेट त्या जिवाला पोचले. शेजाऱ्याचे कुत्रे दहा दिवस फुकट राखले, तर त्या कुत्र्याला जे मिळते ते त्याच्या मालकाकडून मिळायलाच हवे होते. म्हणजे राखणारा दान करतो ते कुत्र्याला कमी आणि मालकाला जास्त. मालक गरजू असेल तर हे दान जरूर करावे, त्याला शेजारधर्म म्हणतात. पण मालकाने ते हक्काने गृहीत धरायचे आणि त्याला भूतदयेचे नाव द्यायचे, हे बरोबर नाही. दुसऱ्याच्या कष्टावर आपली भूतदया भागवणे ही भूतदया नव्हे. घाटाखाली सिंधुदुर्गात आणि गोव्यात राखणदार देवाला वर्षाचे देणे दिले जाते. शेताची, वाडीची, माणसांची राखण तो करतो, म्हणून त्याचा मान ठरलेला असतो आणि तो चुकवला जात नाही. जिथे देवाच्या राखणीचेही देणे ठरलेले आहे, तिथे माणसाच्या राखणीला देणे नको म्हणणाऱ्याला श्रद्धेचा आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. पैसे दिले की माया जाते, भाड्याचा माणूस वेळेला उपयोगी पडत नाही. ख्रिस्ताच्या दृष्टान्तात मजुरीवर ठेवलेला मेंढपाळ लांडगा येताना पाहून पळून जातो. त्यात सत्य आहे, पण अर्धेच. माया पैशाने येत नाही हे खरे, मात्र जबाबदारी येते. याज्ञवल्क्य स्मृतीतला नियम बघा. सकाळी जनावरे जशी सोपवली तशी गुराख्याने संध्याकाळी परत आणून द्यावीत, आणि ज्याचे वेतन ठरले आहे त्याच्या हलगर्जीपणाने ती मेली किंवा हरवली तर त्याने ती भरून द्यावीत. ‘ज्याचे वेतन ठरले आहे’ ही अट तिथे उगाच आलेली नाही. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढे कितीतरी शतके आपल्याकडचे निवाडे तिच्या आधाराने झाले. ज्यूंच्या धर्मशास्त्रातही हीच पायरी आहे. फुकट राखणाऱ्याची जबाबदारी कमी, वेतन घेऊन राखणाऱ्याची जास्त. वेतन घेणाऱ्याकडून जनावर चोरीला गेले तर त्याने भरून द्यावे, मात्र रानटी श्वापदाने फाडले तर तसा पुरावा आणावा आणि मोकळे व्हावे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाचा धर्मग्रंथही हाच. म्हणजे वेतन हे नात्याला उतरती कळा लावणारे नाही. उलट, ‘औषध दोन वेळा दिलेत का?’ असे विचारण्याचा हक्क मालकाला वेतनाने मिळतो. फुकट राखणाऱ्याला तसे विचारायची चोरी असते, आणि त्या चोरीत जनावराचे औषध राहून जाते.

वेतन द्यायचे एवढे मान्य केले तरी ते कोणत्या रूपात द्यायचे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. त्यावरचा मला ठाऊक असलेला सर्वांत नेमका विचार कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्रात गोधन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे एक प्रकरण आहे. त्यात गुराखी, दूध काढणारा, लोणी घुसळणारा अशा माणसांना शंभर-शंभर जनावरे राखायला द्यावीत आणि वेतन रोख द्यावे, असे सांगितले आहे. कारणही दिले आहे. दूध-तूप हेच वेतन ठेवले तर ती माणसे वासरांना उपाशी मारतील. गुराखी वाईट असतो असे कौटिल्य म्हणत नाही. तो एवढेच पाहतो की वासराच्या तोंडातला प्रत्येक घोट जर गुराख्याच्या पगारातून कापला जाणार असेल, तर भल्या माणसाचाही हात आखडेल. आजच्या राखणावळीला हीच कसोटी लावून पाहावी. ‘महिन्याला ठरावीक रक्कम, त्यातच खाणे-पिणे, औषधपाणी सगळे आले’ असा ठोक सौदा अनेक ठिकाणी होतो. मालकाला तो सोयीचा वाटतो, कारण हिशेब एकदाच होतो. पण त्या सौद्यात हिरव्या पाल्याची प्रत्येक पेंढी राखणाऱ्याच्या खिशातून जाते, आणि डॉक्टरला बोलावायचे की उद्यापर्यंत वाट पाहायची, हा निर्णय त्याच्या कमाईशी बांधला जातो. म्हणून पहिला नियम असा की चारा, दाणा आणि औषध यांचा खर्च मालकाचा, आणि तो मेहनतान्यापासून वेगळा. 1872 च्या करार कायद्याचा कलही इकडेच आहे. वस्तू फुकट सांभाळणाऱ्यालाही त्यासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाकडून मागता येतो. फुकट राखणाऱ्याला जे मिळते ते मोल घेणाऱ्याच्या ठोक रकमेत बुडवण्याचे कारण नाही.

इथे कुणी विचारील, मग अर्धलीचे काय? शेळी मालकाची, राखण दुसऱ्याची, करडे निम्मी-निम्मी, हा करार गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्याच्याकडे शेळी घ्यायला पैसे नाहीत अशा बाईच्या दारात दोन वर्षांत स्वतःची दोन करडे उभी राहतात, ती याच करारामुळे. कौटिल्याची कसोटी लावली तर अर्धल नापास होते का? मला तसे वाटत नाही. दुधातला वाटा आणि वाढीतला वाटा यांत मोठे अंतर आहे. दूध जो घेतो तो करडाशी स्पर्धा करतो. करडांत ज्याचा वाटा असतो तो करड जगावे म्हणून रात्री उठतो. नारदस्मृतीने शंभर गाईंच्या राखणीला वर्षाला एक कालवड आणि दोनशे गाईंच्या राखणीला एक दुभती गाय सांगितली, त्यात हेच शहाणपण आहे. कळप वाढला तर राखणाऱ्याचेही भले होते. त्याच स्मृतीने आठव्या दिवशीचे दूधही त्याला दिले आहे, पण ते आठवड्यातून एकदाच. तेव्हा दुसरा नियम असा की वाटा द्यायचाच तर तो वाढीत द्यावा, खाण्यात कधीही देऊ नये. मात्र अर्धल तोंडी आणि मोघम ठेवणे धोक्याचे आहे. करार कायद्याच्या 163 व्या कलमाखाली जे उदाहरण दिले आहे ते गाईचेच आहे. सांभाळायला दिलेली गाय व्याली तर गाईबरोबर वासरूही मालकाला परत द्यावे लागते, वेगळे काही ठरले नसेल तर. पहिले वेत कुणाचे, एकच करड झाले तर काय, शेळी गाभडली तर त्या महिन्यांचे काय, हे आधी बोललेले नसेल तर भांडण ठरलेले. आणि ससा, मांजर, कुत्रे यांच्या राखणीत वाढ हा मोबदला होऊच शकत नाही. तिथे वेळेचाच हिशेब करावा लागतो.

वेळेचा हिशेब करायला बसले की एक गैरसमज गळून पडतो. लहान जनावराला कमी दर, हे आपण न विचारता धरून चालतो. 2025-26 साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला 312 रुपये होता. माणसाच्या श्रमाची ही सरकारने मानलेली खालची पातळी समजू. आठ तासांच्या दिवसाला तासाचे 39 रुपये होतात. चाळीस शेळ्यांचा कळप दिवसभर रानात चारणाऱ्याला हा दर दिला, तर एका शेळीमागे दिवसाला 7 रुपये 80 पैसे आणि महिन्याला 234 रुपये पडतात. आता एक ससा घ्या. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास: पिंजऱ्याचा तळ झाडायचा, ओला कागद बदलायचा, पाण्याची बाटली धुवायची, गवत आणि भाजी निवडून घालायची, कालचे किती खाल्ले ते पाहायचे. तासाचे 39 रुपये. म्हणजे शेळीच्या पाचपट. जाण्यायेण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. ससा शेळीपेक्षा मौल्यवान आहे असा याचा अर्थ नाही. कळपात एका माणसाचे लक्ष चाळीस जिवांत वाटले जाते, पिंजऱ्यापुढे ते एकाच जिवावर खर्च होते, एवढाच अर्थ. म्हणूनच एकाच घरातल्या दुसऱ्या सशासाठी दुप्पट दर मागणेही गैर आहे. पिंजरा एकच असेल तर वेळ थोडाच वाढतो. तिसरा नियम यातून निघतो. दर लक्ष द्यायला लागणाऱ्या वेळेवर ठरावा, जनावराच्या आकारावर किंवा बाजारभावावर नाही.

बाजारभावाचा मुद्दा सहज सोडता येणार नाही. तीस हजारांचे कुत्रे आणि रस्त्यावरून आणलेले मांजर यांची राखण एकाच दराने कशी, असे विचारणारे भेटतात. उत्तर असे की किंमत हा जोखमीचा प्रश्न आहे, राखणीचा नव्हे. तहान दोघांनाही सारखीच लागते. लहान प्राण्यांच्या बाबतीत तर लक्षाची गरज जास्तच असते. ससा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी, त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या स्वभावात आहे. तो सहसा ओरडत नाही, फक्त खाणे थांबवतो, आणि बारा तास खाल्ले नाही तरी त्याच्या जिवावर बेतू शकते. गोल, कोरड्या लेंड्या पडल्या की नाही हे रोज पाहणारा राखणदार आणि नुसते गाजर टाकून जाणारा, यांच्यातला फरक पाच मिनिटांचा आहे, पण दर ठरवताना मोजायची ती हीच पाच मिनिटे. जैन आचारशास्त्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी अडवणे. त्यांतला पाचवा राखणीला नेमका लागू पडतो. तो दोष जनावराची पावती ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरता नाही, दावे ज्याच्या हातात आहे त्यालाही तो लागतो. 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंध कायदाही जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीत आहे त्याच्यावर कर्तव्य टाकतो. मग जो मालक परवडणार नाही इतका कमी दर देतो, तो स्वतः नामानिराळा राहून दुसऱ्याला दोषाच्या कडेला उभे करतो. बरेच लोक दराच्या घासाघिशीला नुसता व्यवहार समजतात. मला ती नैतिक चूक वाटते.

जोखीम कशी वाटून घ्यायची, याला या तालुक्यात तरी पुस्तकी प्रश्न म्हणता येणार नाही. रानाला लागून वस्त्या आहेत, बिबट्या आहे, पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही आणि ओल्या गोठ्यात शेळ्यांचे खूर सडतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातली विभागणी इथे आजही उपयोगी पडते. दिवसा जबाबदारी गुराख्याची, रात्री जनावर मालकाच्या घरी असेल तर मालकाची, आणि रात्रंदिवस गुराख्याकडे असेल तर ती सगळी गुराख्याची. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनी घेरले आणि राखणारा धावलाच नाही, तर दोष त्याचा. नीट हाकून एकत्र चरत असताना लांडग्याने अचानक झडप घालून एक मारली, तर त्याचा दोष नाही. दैव मालकाचे आणि प्रमाद राखणाऱ्याचा, असा हा चौथा नियम. त्यातून दराचीही एक पायरी निघते. मालकाच्या घरी दोन वेळा जाऊन येणाऱ्यापेक्षा जनावर स्वतःच्या घरी ठेवणाऱ्याला जास्त द्यायला हवे, कारण रात्रही त्याच्या अंगावर येते. जनावर आपोआप मेले तर त्याचे कान, कातडे, शेपूट अशी खूण मालकाला दाखवावी, असेही मनुस्मृतीत आहे. आज जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो आणि विमा कंपनीला दावा देताना तोच दाखवावा लागतो. सोपवताना बिल्ल्याचा, दातांचा, खुरांचा आणि अंगावरच्या जखमांचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असला की ‘माझ्याकडे आली तेव्हाच लंगडत होती’ या वादाला जागा उरत नाही.

मनुस्मृतीचे नाव काढल्यावर महाराष्ट्रात एक आक्षेप येणार आणि तो यायलाच हवा. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याच्या आधाराने न्यायाची भाषा कशी करता? माझे उत्तर असे की मी तो प्रमाण म्हणून मानत नाही, साक्षीला बोलावतो आहे, आणि साक्षीदार कुणाच्या बाजूचा आहे हे ध्यानात ठेवून. हे नियम गुरे बाळगणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले आहेत. गुरे राखणाऱ्याला तिथे आवाज नाही. त्यामुळे त्यातला जो नियम राखणाऱ्याला झुकते माप देतो तो अधिक विश्वासाचा, कारण तो साक्षीदाराच्या स्वतःच्या हिताविरुद्ध जातो. लांडग्याचा दोष गुराख्यावर टाकू नये, हे मालकांच्या कायद्यालाही मान्य करावे लागले. ज्यूंच्या धर्मग्रंथानेही तेच मान्य केले आणि करार कायद्याने सामान्य विवेकी माणसाइतकी काळजी एवढीच अपेक्षा ठेवली. एकमेकांशी संबंध नसलेल्या परंपरा एका जागी येऊन थांबतात तेव्हा त्या जागेखाली खडक असण्याची शक्यता जास्त. मात्र एक दुरुस्ती आपण केली पाहिजे. त्या सर्व नियमांत जनावर ही मालमत्ता आहे आणि नुकसान मोजले जाते ते मालकाचे. बाजारात किंमत नसलेले मांजर हलगर्जीने मेले तर त्या हिशेबात भरपाई शून्य येते. आपल्याला तसे म्हणता येणार नाही. तिथे निदान पूर्ण मेहनताना परत करणे आणि चूक मान्य करणे, एवढे तरी राखणाऱ्याने आपणहून करावे.

शेवटचा आक्षेप गरिबीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. असे दर लावले तर दोन कोंबड्या बाळगणाऱ्या म्हातारीने काय करायचे? तिला सशाच्या हिशेबाने पैसे देणे जमणार नाही. खरे आहे. पण मोल म्हणजे नोटाच असे कुणी सांगितले? रोप लावणीला पैरा चालतो. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी, त्यात एक पैसा हात बदलत नाही आणि तरी दिवसाला दिवस चुकता होतो. राखणीलाही तसा पैरा करता येतो. माझ्या कोंबड्या तू झाक, तुझी शेळी मी सोडीन, काजूच्या हंगामात एक दिवस तुझ्याकडे बिया गोळा करायला येईन. हा व्यवहार न्याय्य आहे, कारण त्यात माप आहे. ज्याला माप नाही ते उपकार म्हणून सुरू होते आणि ओझे म्हणून संपते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशाच्या, बहुधा घरी असणाऱ्या बाईच्या, माथी बसते. उलट ज्याला परवडते त्याने गरिबाच्या सवलतीआड लपू नये. आणि एका राखणीला तर न्याय्य दर असूच शकत नाही. पिंजऱ्यातला देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळताच येत नाही. तो सांभाळायला कुणी देऊ नये, कुणी घेऊ नये.

हे सगळे ठरवायला दहा मिनिटे पुरतात. जनावर सोपवण्याआधी मालकाने आणि राखणाऱ्याने समोरासमोर बसून बोलून घ्यावे: खाण्या-औषधाचे पैसे वेगळे आणि आगाऊ किती, दिवसाचे किती तास आणि तासाचा काय दर, वाटा असेल तर तो कोणत्या वेतात, आणि काही बरे-वाईट झाले तर कोणाचे किती. जो मालक हे बोलायला लाजतो त्याने जनावर दुसऱ्याकडे देऊ नये, आणि ज्याला आपला दर सांगता येत नाही त्याने ते घेऊ नये.